चव्वेचाळिसाव्या वर्षीचा रंगप्रवेश

टीचर,

रविवारी मी नाचले. क्लासच्या मुलींना दाखवण्यापुरती नव्हे. स्टेजवर, एकटी, पूर्ण भरतनाट्यम, सुरुवातीच्या अलारिपूपासून शेवटच्या तिल्लान्यापर्यंत. सतराव्या वर्षी तुम्ही जो रंगप्रवेश मला करू दिला नाहीत, तो मी चव्वेचाळिसाव्या वर्षी केला. हे मराठीत, आमच्या घरच्या भाषेत लिहिते आहे. तुम्हाला मराठी येत नव्हतं, आपण कायम कन्नडमध्येच बोललो. पण कन्नडमध्ये लिहायला बसले की अजून प्रत्येक वाक्याआधी तुमची परवानगी मागावीशी वाटते.

तुमच्या क्लासमधल्या मुलींचे नाचाचे कपडे माझे बाबा शिवायचे. सात वर्षांची असताना मी त्यांच्याबरोबर मापं घ्यायला आले आणि दारात उभी राहून आतल्या मुलींसारखे पाय टाकू लागले. तुम्ही बाबांना म्हणालात, "उद्यापासून हिला पाठवा." त्यानंतरची दहा वर्षं मी तुमच्याच हॉलमध्ये वाढले. रंगप्रवेश ठरला, पत्रिका छापल्या, बाबांनी वांगी रंगाच्या रेशमाचा माझा पोशाख स्वतः शिवला. त्या दिवसांत लहान मुलींना मी शिकवत होते. एका सहा वर्षांच्या मुलीचा डावा पाय सारखा चुकायचा. एका संध्याकाळी मी तिचा पाय घोट्याला धरून जमिनीवर आपटला आणि म्हणाले, "तुला जन्मात जमायचं नाही, घरी जाऊन भांडी घास." तुम्ही आत चिंचेच्या भाताची, पुळियोगरेची फोडणी करत होतात. गॅस बंद झाल्याचं मला ऐकू आलं. तुम्ही बाहेर आलात, त्या मुलीला जवळ घेतलंत, सगळ्यांना घरी पाठवलंत. मग मला म्हणालात, "तुला नाचता येतं. पण रंगप्रवेश झाला की तू क्लास काढशील, आणि मुली अशाच रडतील. आधी वर्षभर या लहान मुलींना शिकव. मग बघू."

घरी आई डोक्याला हात लावून बसली. "अय्यो, पत्रिका वाटून झाल्या की. आता लोकांना काय सांगू?" दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन तुमच्याकडे आले. मला वाटलं, ते भांडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "हिची चूक आहे का?" तुम्ही म्हणालात, "आहे." बाबा म्हणाले, "मग राहू दे, टीचर. मापात न बसलेला कपडा मीपण दुकानाबाहेर जाऊ देत नाही." आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तुमच्याशी बोलावं लागायचं, पण वर्षभर मनातून तुमचा रागच केला.

त्या वर्षात काय झालं ते तुम्ही पाहिलंत. ती मुलगी मला बघितलं की भिंतीला चिकटायची. शेवटी एक दिवस मी तिच्यासमोर खाली बसले, माझ्या कपाळाची टिकली काढून तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर लावली आणि म्हटलं, "हिला आधी नाचू दे." ती खाली बघून हसली आणि पाय बरोबर पडला. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतात. इतकंच तर आहे, अशा अर्थाने "अष्टे," म्हणालात. एवढंच. पुन्हा आत गेलात. त्याच पावसाळ्यात तुम्हाला झटका आला, तुमचा मुलगा तुम्हाला त्याच्या गावी घेऊन गेला, आणि दोन महिन्यांनी तुम्ही गेल्याचं कळलं. रंगप्रवेश राहिला तो राहिलाच.

मी बी.कॉम. केलं, हूटगळ्ळीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात लागले. संध्याकाळी बसनं उतरून बोगादीत एका गच्चीवर पत्र्याखाली चार मुली शिकवायचे. चाराच्या चाळीस झाल्या तेव्हा नोकरी सोडली. आज शंभरावर मुली आहेत, स्वतःचा हॉल आहे. आणि टिकलीवाली ती मुलगी आता तेहेतीस वर्षांची आहे, माझ्याबरोबर शिकवते. गेल्या वर्षी एका नव्या मुलीच्या आईने सगळ्यांसमोर विचारलं, "मिस, तुमचा रंगप्रवेश कुठे झाला?" मी म्हटलं, "झाला नाही." दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी आली नाही. मला वाईट वाटलं ते माझ्या मुलींनी पाहिलं. टिकलीवालीने झांजा उचलून मांडीवर घेतल्या. "इतकी वर्षं तुम्ही आमचा ताल धरलात. आता मी धरते. नाचा."

आठ महिने तिने मला घाम गाळायला लावलं. गुडघे कुरकुरायचे, अर्धं बसल्यावर उठताना तोंडातून आवाज निघायचा, आणि ती शांतपणे तुमचाच शब्द म्हणायची: "इन्नोम्मे." पुन्हा एकदा. आईने ऐंशीव्या वर्षी घरोघर जाऊन पत्रिका दिल्या आणि प्रत्येक दारात सांगितलं, "या वेळी नक्की आहे." रविवारी हॉलमध्ये बसायला जागा उरली नाही. ती आणि बाबा पहिल्या रांगेत होते. बाबांना आता धड दिसत नाही. आई त्यांना मोठ्याने सांगत होती, "आता उजवीकडे गेली. आता हसली." मला ते स्टेजवर ऐकू येत होतं, टीचर, आणि पाय हलके होत होते. वयाचं, गुडघ्यांचं काही आठवलं नाही. तिल्लाना संपला तेव्हा लोक उभे राहिले, आणि माझ्या शंभर मुली बाकांवर चढून ओरडत होत्या. त्यांना खाली उतरा म्हणायला मी विसरले.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते लिहिते. तिल्लान्यात पावलांची शेवटून दुसरी जी जती तुम्ही बसवली होती, ती मला ऐन वेळी आठवलीच नाही. थांबले नाही. पायांना जे सुचलं ते नाचले, आणि झांजा क्षणभर अडखळून माझ्यामागून आल्या. सगळ्यात मोठ्या टाळ्या तिथेच पडल्या. पत्रिकेवर रचना तुमच्या नावाने होती, लोक तुमचंच कौतुक करून गेले, आणि मी नमस्कार करत राहिले. काल मोठ्या मुलींना तिल्लाना शिकवायला घेतला. तुमची जती आता नीट आठवत होती. मी माझी शिकवली.