स्मॅशला जोर हवा

२ नोव्हेंबर, रविवार

हरलो. पुन्हा माझ्यामुळे!

मंजुषाने काय सुंदर खेळ बांधला होता. समोरच्या दोघींनी घाबरून चेंडू उंच दिला, बरोबर माझ्या डोक्यावर. अशा चेंडूवर स्मॅश नाही मारायचा तर कधी? मारला. फुसका. नेटमध्ये.

परत येताना गाडीत मंजुषा म्हणाली, "ताई, रॅकेट बदल तुझी. ती नवशिक्यांची आहे. आपण अजून नवशिक्या आहोत का?"

खरंच आहे. दीडेक वर्ष झालं आम्ही जोडीने खेळतोय. सेलूचा दवाखाना बंद करून वर्ध्याला घरी जाताना वाटेतच कोर्ट लागतं. पॅडल हा खेळ इकडे नवा आला तेव्हा सगळे हसले होते, आता रविवारी जागा मिळत नाही. जानेवारीत नागपूरला स्पर्धा आहे – महिला दुहेरी. आम्ही नाव दिलंय. तोवर माझ्या स्मॅशला जोर आलाच पाहिजे. नवी रॅकेट घ्यायची. ठरलं.

५ नोव्हेंबर

समुद्रपूरहून आईचा फोन. "त्या काचेच्या खोलीत चेंडू बडवता, तोच खेळ ना वं? दोघी इकडून, दोघी तिकडून. आन् बॅट म्हनजे भोकाभोकाची फळी." म्हटलं, हो, तीच नवीन घेतेय. "मंग घे ना. दिवसभर लोकायचे दातं उपटतं तू. खेळत जाय."

९ नोव्हेंबर, रविवार

कैलाससरांनी तीन रॅकेट पुढ्यात ठेवल्या. सर नागपूरचे. आधी बॅडमिंटन खेळायचे, आता आमच्या कोर्टवर शिकवायला येतात.

एक गोल डोक्याची, माझ्याकडे आहे तशी. चेंडू हवा तिथे जातो, पण जोर आपला आपण लावायचा. दुसरी हिऱ्याच्या आकाराची. वजन सगळं वरच्या टोकाला, आतला फोम कडक – हातोडाच! तिसरी थेंबाच्या आकाराची, या दोघींच्या मधली. "मॅडम, तुम्ही थेंबवाली घ्या. हिरेवालीत चेंडू बरोबर जागेवर नाई बसला तर कोपरापर्यंत झनझन होते."

मी हिऱ्याचीच उचलली. पहिले तीन स्मॅश – काय सांगू! चेंडू टप्पा खाऊन मागच्या काचेवर आपटला आणि नेटवरून आमच्याकडे परत. मंजुषा किंचाळली. चौथ्याला मनगट वळेना. त्यापुढचा चेंडू मी सोडूनच दिला.

होईल सवय.

१० नोव्हेंबर

उजव्या दंडातला स्नायू आपोआप फडफडतोय. चहा कमी करायला हवा.

१४ नोव्हेंबर

आज दवाखान्यात वासुदेवराव आले होते. सेलूचेच, वयस्क शेतकरी. खालची दाढ पार किडलेली, काढायचीच होती. सोपी दाढ. अशा किती काढल्या असतील! इंजेक्शन दिलं, चिमटा लावला, वळवायला गेले आणि हात वळलाच नाही. डोक्यातून आज्ञा निघाली, मनगटापर्यंत पोचली नाही.

त्यांना म्हटलं, आत सूज आहे, आधी गोळ्या घ्या, नंतर काढू.

"सूज? मले तं काई वाटून नाई राह्यली, डॉक्टरीनबाई."

"आतून आहे."

"बरं. तुमाले जास्त समजते." पदरात पडेल ते मुकाट घेणारा माणूस. बधिर गाल घेऊन तसाच निघून गेला. मी हातमोजे काढून बराच वेळ बेसिनपाशी उभी राहिले.

कोर्टवरचा ताण असणार. हिऱ्याची रॅकेट जड आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

तीच घेतली! कैलाससर नको म्हणत होते. प्रफुल्ल म्हणाला, "घे ना, काऊन एवढा विचार करून राह्यली? आवडली ना तुले?" नवरा खेळात काही समजत नसला की किती बरं असतं. पाटबंधारे ऑफिसातून येतो, काचेबाहेरच्या बाकावर बसतो, आम्ही हरलो तरी टाळ्या वाजवतो.

काळी आहे, कडेला लाल रेघ. सुंदर आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

सरावात लॉब आला, डोक्यावरून जाणारा उंच चेंडू, मी हात उचलला आणि रॅकेट सुटली. मनगटाला दोरी असते म्हणून मंजुषाच्या तोंडावर गेली नाही, नुसती खाली लोंबकळत राहिली. मंजुषा हसली. मी ती परत पकडायला गेले. बोटं मिटेनात. मग ती हसायची थांबली.

कैलाससर आत आले. "मॅडम, माझे दोन्ही हात दाबा. जोरात." दाबले. पुन्हा दाबायला लावलं. मग हळूच, मंजुषाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "हे रॅकेटचं काम नाई होय. तुम्ही दाखवून घ्या कोनाले तरी. लवकर."

मी म्हटलं, मी डॉक्टरच आहे.

"म्हनूनच सांगून राह्यलो."

२५ नोव्हेंबर

पेशंट नसताना खुर्चीचा दिवा लावला आणि त्याखाली दोन्ही हात धरले. उजव्या अंगठ्याजवळचं मांस बसलंय. खळगा पडलाय. डाव्या हाताला नाही.

कॉलेजात हे शिकलेय. परीक्षेत यावर उत्तर लिहिलंय, मार्कही मिळाले होते.

नाव लिहिणार नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

कुणाला काही सांगितलं नाही. कैलाससरांना म्हटलं, मला हलकी द्या, पण जोर देणारी. त्यांनी स्वतःच्या बॅगेतून एक काढली – गोल, हलकी, आतला फोम मऊ. म्हणाले, कडक रॅकेटला हात जोरात फिरावा लागतो, तेव्हा ती जोर देते. मऊ रॅकेट हळू हातालाही चेंडू उसळवून देते. "थोडासा जोर हिच्याकडून घ्या, मॅडम."

एक अख्खा गेम मी छान खेळले! स्मॅश नाही, पण व्हॉली, लॉब, कोपऱ्यात अलगद सोडलेले चेंडू. मंजुषा म्हणाली, "बघ, हीच पाहिजे होती तुला." मी हो म्हटलं. एवढं हो म्हणायला बरं वाटलं.

गाडी सुरू करताना किल्ली फिरवायला दोन हात लागले.

३ डिसेंबर

प्रफुल्ल चहा गाळत होता. मी हात पुढे केले.

"बघ."

"काय पाहू?"

"दोन्ही बघ. फरक बघ."

त्याने गाळणी ठेवली, खळग्यात बोट ठेवलं. "हे कधीपासून होय?"

"माहीत नाही."

"माहीत नाई? तू डॉक्टर होय ना वं!" ओरडला. लग्नानंतर पहिल्यांदा असा ओरडला असेल. मग माझा हात दोन्ही हातांत धरून तिथेच ओट्याला टेकून रडायला लागला. मी त्याला समजावत राहिले. मला काय झालंय ते त्याला अजून सांगितलंही नव्हतं!

११ डिसेंबर

नागपूर. हातापायांत सुया घालून तपासणी केली. स्नायू कण्हल्यासारखा आवाज मशीनमधून येत होता.

डॉक्टर माझ्यापेक्षा लहान. टेबलावरच्या कागदांकडे बघत बोलले. मेंदूकडून स्नायूंना निरोप नेणाऱ्या नसा मरत चालल्यात. आधी उजवा हात, मग डावा, मग बाकीचं. किती वेगाने ते सांगता येत नाही. औषध आहे, थोडं लांबवतं. बुद्धी शाबूत राहते, म्हणाले. दिलासा म्हणूनच म्हणाले बिचारे.

येताना केळझरच्या चढावर प्रफुल्लने गाडी बाजूला घेतली. दोघंही उतरलो नाही. मग त्याने पुन्हा सुरू केली.

१३ डिसेंबर

आई म्हणाली, "आवाज काऊन बारीक होऊन राह्यला तुहा?"

सर्दी म्हटलं.

२१ डिसेंबर, रविवार

मंजुषाला सांगितलं. ती म्हणाली, नाव मागे घेऊ. मी म्हटलं, दुसरी जोडीदार घे. हिंगणघाटची सुरभी आहे, चांगली खेळते. तर माझ्यावरच चिडली. "मी काय स्पर्धेसाठी खेळते का तुझ्यासोबत?" मीही चिडले. म्हटलं, तू घरी बसलीस तर मला बरं वाटेल असं वाटतं का तुला? नाही वाटणार. उगाच माझ्या नावावर घालू नको.

शेवटी "बरं" म्हणाली.

काळी रॅकेट तिला दिली. तिच्या हाताला पेलते.

१८ जानेवारी, रविवार

नागपूरला गेले होते. काचेबाहेर, प्रफुल्लशेजारी बाकावर.

शेवटच्या सेटमध्ये सुरभीने लॉब लावला, समोरून उंच चेंडू आला आणि मंजुषाने मारला. तो आवाज! चेंडू टप्पा खाऊन काचेवरच्या कुंपणाच्या जाळीवरून बाहेरच गेला, म्हणजे गुण आपलाच. सगळे उभे राहिले.

मीही राहिले. टाळी वाजवता येत नव्हती, म्हणून डाव्या हाताने मांडीवर थापा मारल्या. खरं लिहायचं तर मला आनंद झाला नाही. त्या क्षणी मंजुषाचा खांदा, मनगट, बोटं, सगळं हिसकावून घ्यावंसं वाटलं. ती पळत काचेपाशी आली आणि काचेला तळवा लावला. मी आतल्या बाजूला लागलेल्या त्या तळव्याकडे बघत राहिले. मग मीही लावला.

२ फेब्रुवारी

आजपासून दवाखाना अंकिताकडे. तीही दातांची डॉक्टर, हुशार मुलगी आहे, हात स्थिर. वासुदेवरावांची दाढ तिने एका झटक्यात काढली. मी शेजारी उभी होते.

२२ मार्च

आईला कळलं. काल बस धरून आली. केस विंचरून दिले.

१९ एप्रिल

माझ्या शर्टाची बटणं प्रफुल्ल लावतो. चुकीची लावतो. मी सांगत नाही.

७ जून

हे अक्षर माझं नाही. मी बोलतेय, प्रफुल्ल लिहितोय. हळू बोल म्हणतो.

मागची पानं वाचू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, वाच.