सत्तेचाळीस नंबरची गाडी आणि माझी सही

गाडीच्या वर्षभराच्या विम्याला अठरा हजार, आणि ट्रॅकवरच्या एका दिवसाच्या विम्याला अकरा. हे कुठलं गणित म्हणायचं? बरं, एवढे मोजूनही गाडी ठोकली तर नुकसानीतले पहिले साठ हजार आपलेच. ट्रॅकच्या कठड्याला धक्का लागला तर त्याची भरपाई वेगळी. टायर फाटला, इंजिन बसलं, तर कंपनी कानांवर हात ठेवणार. मग अकरा हजार घेऊन ही माणसं करतात तरी काय, हे मला शेवटपर्यंत कोणी समजावून सांगितलं नाही. म्हणून सुरुवातीलाच नोंदवून ठेवते.

आता रीतसर.

मी, वय एकोणऐंशी, धंदा गाड्यांच्या सीट शिवण्याचा, शिक्षण तिसरीपर्यंत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी आज वार कोणता ते विचारलं, तो सांगितला, आणि त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटची शिवण उसवली आहे तेही सांगितलं. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकणारा एक नवराच होता, तो चौदा वर्षांपूर्वी गेला. वकील म्हणाले, टाइप करून देतो. मी नको म्हटलं. दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर सही केली, त्याचंच तर हे निस्तरणं चाललं आहे. मुलाने माझ्याकडून करून घेतलेलं आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

एक. तळमजल्यावरचं दुकान, चामड्याचं शिलाई मशीन, दाभण, कात्र्या, सगळं सूनबाईला. पंधरा वर्षं ती माझ्या शेजारी बसून शिवते आहे आणि तिची शिवण माझ्यापेक्षा सरळ येते. हे तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, आता वाचेल. लहान कात्री कागदाला लावायची नाही. हे मृत्युपत्र अमलात आणायचं कामही तिच्याकडेच. फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी या घरात ती एकटी.

दोन. माझ्या धाकट्या जावेला काही नाही. वाटणीत भांडून नेलेलं जड मशीन तिने खुशाल ठेवावं. ते बिघडलेलं होतं हे मला तेव्हाच माहीत होतं, हेही तिला कळवावं.

तीन. गाडी. ती कागदोपत्री माझी. मुलगा विम्याचा एजंट, तो म्हणायचा, "आई, तुझ्याच नावावर राहू दे, हप्ता कमी बसतो." एकोणीस वर्षांत एकदाही भरपाई मागितली नाही, त्याची सूट मिळत होती. म्हणजे कागदावर एक म्हातारी त्या गाडीतून औषधं आणायला जाते. प्रत्यक्षात महिन्यातल्या एका रविवारी माझी नात ती गाड्या वेगात पळवायच्या ट्रॅकवर नेते. नात म्हणजे या मुलाचीच मुलगी, वय सव्वीस, ब्रेक तपासायच्या केंद्रात नोकरीला.

तिथे काय चालतं ते मी त्या एका दिवसाचा विमा देणाऱ्या कंपनीला फोन करून स्वतः सांगितलं होतं. फोनवरचा पोरगा विचारतो, "आजी, शर्यत असते का?"

"नाही रे. कोणी कोणाला हरवत नाही. नुसतं गोल फिरून परत येतात."

"मग जातात कशाला?"

म्हटलं, "ते तुझ्या फॉर्ममध्ये विचारलंय का?" तर म्हणे नाही. म्हटलं, मग पुढचं विचार.

मी एकदा तिच्या शेजारी बसून एक फेरी मारली. वळणावर ती सीटवरून घसरत होती, म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्या मापाने सीट उसवून पुन्हा शिवली. तीन दिवस लागले. चांगली चालवते. एवढं पुरे.

मागच्या वेळी त्या दिवसाच्या विम्याचे अकरा हजार मी मुलाच्या हातात दिले. संध्याकाळी छाती फुगवून परत घेऊन आला. "वाचवले, आई. आपली वर्षाची पॉलिसी आहे ना, त्यात सगळं येतं." त्याच पॉलिसीच्या चौथ्या पानावर लिहिलं आहे की ट्रॅकवर काही झालं तर एक पैसा मिळणार नाही. बावीस वर्षं तो हा कागद लोकांना विकतो आहे.

त्या रविवारी फाटकावरच्यांनीही तीच पॉलिसी बघून, चौथं पान न उलटता, आत सोडलं. पुढच्या गाडीने तेल सांडलं आणि नात कडेला रचलेल्या टायरच्या भिंतीवर आदळली. मनगट मुरगळलं, बाकी ठीक. गाडीचं नाक गेलं. मुलगा फॉर्म घेऊन आला. "आई, इथे सही कर." माझा चष्मा वरच्या मजल्यावर राहिला होता. केली. त्यात लिहिलं होतं की औषधाच्या दुकानासमोर गाडी लावताना मी खांबाला धडक दिली. मी. आणि सोबत जे फोटो जोडले, त्यात दारावर हातभर मोठा सत्तेचाळीस नंबर. ट्रॅकवाल्यांनी चिकटवलेला, तो काढायचं कोणाला सुचलं नाही.

आता कंपनीचं पत्र आलं आहे की औषधं आणायला जाताना गाडीला नंबर कशासाठी होता, त्याचा खुलासा करा. नात म्हणते, "आजी, मी लिहिते की सगळं मीच केलं. बाबांचं एजंटचं लायसन्स जाईल." तिच्या नावावर एकदा खोटेपणा लागला की तिला पुढे कोणी विमा देणार नाही, आणि विम्याशिवाय ट्रॅकच्या फाटकातून आत सोडत नाहीत. बापाला म्हटलं, तू लिही. तर दीड महिना "बघू, करू" चाललं आहे. सही माझी, ती मला मान्य आहे. मजकूर माझा नाही, नातीचा तर नाहीच.

म्हणून गाडी, आहे त्या अवस्थेत, नातीला. भरपाई मागायची नाही. दुरुस्ती माझ्या बचतीतून.

चार. उरलेली बचत वेगळ्या खात्यात ठेवून त्यातून तिच्या ट्रॅकच्या दिवसांचा विमा भरावा. दर वेळी पूर्ण अकरा हजार, आणि पावती सूनबाईने वाचावी. लूट आहे हे माझं मत कायम आहे. तरी भरावा.

पाच. वरचा मजला मुलाला. अट अशी की कंपनीच्या पत्राला त्याने स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या सहीने खरं उत्तर द्यायचं. तोवर किल्ली सूनबाईकडे. मी असताना त्याने लिहिलं तर ही अट मी स्वतः खोडेन.

सही: केली. चष्मा लावून.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई. दुसरे, चाकांचा तोल बघणारे शेजारचे काका, यांनी वाचताना दोनदा हसून घेतलं, तरी सही नीट केली आहे.

ठिकाण: दुकान, कापायचं टेबल. तारीख सोळा, वार गुरुवार.

सह्या झाल्यावर जोडते, आणि याखालीही तिघांच्या सह्या आहेत: कंपनीचा फोन दर गुरुवारी अकराला येतो. आत्ताही वाजतो आहे. मी गेल्यावर वाजला तर नातीने हात लावायचा नाही. मुलाने उचलायचा, आणि "आई वारली" एवढंच सांगून खाली ठेवायचा नाही.