रिठ्यात भिजलेली नावं

॥ श्री ॥

श्रूजबरी, ९ मार्च २०२५

चि. सत्यजितला सुमित्रामावशीचे अनेक आशीर्वाद.

लेकीकडे, रुचाच्या घरी, सुखरूप पोचले. बसमध्ये शेजारी कोणी नव्हतं, त्यामुळे वाटभर मनातल्या मनात तुझ्याशी भांडून घेतलं. फोन करणार नाही. फोनवर आपण दोघं एकदम बोलतो आणि ऐकत कोणीच नाही. तेव्हा सातवी पास मावशीचं हे पत्र गोड मानून घे.

माझा गुन्हा काय ते एकदा नीट सांग. तुझ्या जर्सी सिटीच्या घरात आल्यापासून मी शिंकत होते. कोणाकोणाच्या अडगळीतून आणलेल्या, बुरशी धरलेल्या गाण्यांच्या तबकड्यांचं खोकं तू चक्क जेवणाच्या टेबलावर ठेवतोस! तू ऑफिसला गेलास, मी टबात कोमट पाणी काढलं, बॅगेतले रिठे कुस्करले, आणि रेशमी लुगडं धुवावं तशी एकेक तबकडी हलक्या हाताने धुतली. सकाळभर भिजल्यावर मधले गोल कागद सुटून वर तरंगायला लागले. मला वाटलं, बरं झालं, जुनाट घाण गेली. नावं त्यांच्यावरच होती हे मला कोण सांगणार? तू आलास, टबाकडे बघितलंस आणि मी तुला संपवलं असं इंग्रजीत म्हणालास. मग दोन दिवस मुक्याचं व्रत, आणि तिसऱ्या दिवशी मावशी बसमध्ये.

रुचा म्हणते, तू दुसऱ्यांच्या गाण्यांचे तुकडे कापून त्यांतून आपलं गाणं करतोस. चांगली नोकरी असताना ही उसनवारी कशाला रे? जेवतोस ना वेळेवर?

लोभ आहेच, राग चार दिवसांत उतरावा.

तुझी,
मावशी

जर्सी सिटी, १५ मार्च २०२५

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

राग उतरलेला नाही, पण तुला बसमध्ये बसवून दिलं त्याबद्दल सॉरी.

तू उसनवारी म्हणतेस, तर ऐक. पन्नासेक वर्षांपूर्वी इथे जवळच, ब्रॉन्क्स नावाच्या गरीब वस्तीत, पोरांकडे ना वाद्यं ना क्लास. घरातल्या जुन्या रेकॉर्ड होत्या. गाणारे थांबतात आणि नुसता ड्रम वाजतो, त्या जागेला लोक सगळ्यात जास्त नाचतात हे त्यांनी हेरलं. मग एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड घेऊन तोच तुकडा आलटून पालटून वाजवत राहायचे. पुढे मशीन आली. तिच्यात काही सेकंदच मावायचे, तेवढ्यावर अख्खं गाणं उभं करायचे. याला सॅम्पलिंग म्हणतात. आणि मजा बघ, आपला तुकडा दुसऱ्याला सापडू नये म्हणून काही जण मुद्दाम रेकॉर्डवरचे कागद भिजवून काढायचे! तू न शिकता त्यांच्या पंक्तीला जाऊन बसलीस.

पण माझी वाट लागली. बाकीच्या रेकॉर्ड कागदाच्या कडेने तबकडीवरच कोरलेल्या आकड्यांवरून ओळखल्या. एकीचा आकडा कुठेच सापडत नाही. कुठल्यातरी चर्चची, त्यांनीच काढलेली. तिच्यातल्या दोन सेकंदांच्या ड्रमवर माझं सगळ्यात चांगलं गाणं उभं आहे. नाव लिहून ठेवायचा मी आळस केला, आणि कव्हर तू फेकलंस. माझी गाणी काढणारी छोटी कंपनी विचारतेय की तुकडा कोणाचा, परवानगी कुठे. महिनाअखेर शेवटची तारीख. शिवाय धुळीबरोबर खरखरही गेली. ती खरखर मला हवी होती, यार!

माझा मित्र नील म्हणतो, नाव पुसलंच गेलंय तर स्वतः वाजवलं म्हणून सांग, कोणाला कळणार? मीही कंटाळलोय. तसंच करीन म्हणतो.

तुझा,
सत्यजित

श्रूजबरी, १९ मार्च २०२५

चि. सत्यजितला आशीर्वाद. हे पत्र उभ्याउभ्या लिहिते आहे.

म्हणे कोणाला कळणार! अरे, तुला कळेल ना?

रुचाकडे दही लागेना म्हणून समोरच्या नीनाकडून चमचाभर विरजण आणलं. पातेलंभर दही लागलं. ते दही मी माझंच म्हणते, त्यात लाज कसली? पण विरजण कोणाचं म्हणून विचारलं तर नीनाचंच नाव घेते. आणि तिची वाटी रिकामी परत करत नाही, चिमूटभर साखर का होईना, घालून देते. ही रीत तुझ्या आईने आणि मी तुला अशीच शिकवली होती का?

आणि कव्हर मी फेकलं हे कोणी ठरवलं? मी साधी पिशवी फेकत नाही, तो तर चांगला जाड पुठ्ठा होता. तुझी तेलाची बाटली गळते. पुठ्ठा पुसून तिच्याखाली घातला आहे. जाऊन बघ, आणि कधीतरी स्वयंपाकही कर.

माया आहे म्हणूनच बोलते, कानाआड करू नकोस.

तुझी,
मावशी

जर्सी सिटी, १२ एप्रिल २०२५

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

बाटलीखालीच होतं! तेलाचा गोल डाग बरोबर चर्चच्या नावावर, पण उजेडात धरलं की वाचता येतं. इथून जवळच्या पॅटरसन गावातलं एक छोटं चर्च. मागे वाजवणाऱ्यांची नावंही होती.

त्याच शनिवारी गेलो. ड्रम वाजवणारे लॉरेन्सकाका अजून तिथेच खुर्च्या लावतात. त्यांना माझं गाणं ऐकवलं. आधी हसले, पायाने ताल धरला. मग कानावरचे हेडफोन काढून त्यांनी विचारलं, इर्मा कुठे गेली? इर्मा म्हणजे त्यांची बहीण. त्या ड्रमनंतर लगेच ती गायला सुरुवात करते. म्हणाले, तो ठेका मी तिला आत घ्यायला वाजवला होता, आणि तू दार उघडून तिच्या तोंडावरच बंद केलंस. परवानगी दिली नाही. महिनाअखेर उलटली, कंपनीने माझी बाकीची गाणी काढली. ज्याच्यासाठी एवढं केलं, तेच राहिलं.

घर बदलताना त्यांच्याकडची रेकॉर्ड हरवली होती. म्हणून माझी त्यांना देऊन आलो. वाटी रिकामी नको, तू म्हणतेस तसं. पण वैतागाने दिली, खोटं कशाला सांगू?

काल त्यांचा फोन आला. इर्माबाई आता वृद्धाश्रमात असतात, कानाला मशीन आहे. खरखर असली की त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही. काकांनी ती रेकॉर्ड तिथे नेऊन लावली, तेव्हा त्यांनी स्वतःचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, आणि आधी काय विचारलं असेल? इतकी स्वच्छ कोणी धुतली? लॉरेन्सकाकांनी सांगितलं, त्या पोराच्या मावशीने.

बाई म्हणाल्या, तुकडा वापर, पण मी तोंड उघडायच्या आधी कापायचं नाही. कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेला त्यांचा सूर आता माझ्या गाण्यात कुठेच बसत नाही. तीनदा मोडून झालं. डोकं फुटायची वेळ आली आहे.

तुझा,
सत्यजित

श्रूजबरी, १७ एप्रिल २०२५

चि. सत्यजितला अनेक आशीर्वाद.

पत्र रुचाला दोनदा वाचायला लावलं. धुणाऱ्या मावशीची जागा तर तिने तिसऱ्यांदाही वाचली.

सूर बसत नाही म्हणून कुरकुर करू नकोस. पाहुणी तुझ्या घरी आली आहे, तेव्हा सरकून बसायचं ते तू. तिला कशाला कापतोस? तुझंच जरा काप. आणि जेवून कामाला बस, उपाशी माणसाला कुठलाच ताल सापडत नाही.

गाणं झालं की तबकडी काढ म्हणावं त्या कंपनीला. मधल्या कागदावर इर्माबाईंचं नाव आधी घाल, मग लॉरेन्सचं, उरल्या जागेत तुझं. आणि या वेळी कागद असा चिकटव, की मी रिठ्यात धुतला तरी नाव निघता कामा नये.

तुझी,
मावशी