जेवायला काय घालून यायचं

१२ नोव्हेंबर २०१८, सोमवार. साकोली

आज पुन्हा गुडघ्यांवरून भांडण.

कोणीतरी माणूस हाफ पँटवर जहाजावरच्या मोठ्या डायनिंग हॉलमध्ये रात्रीच्या जेवणाला बसला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हणे त्याचे गुडघे बघून सूप उतरेना. त्यांनी तसं जहाज कंपनीच्या इंटरनेटवरच्या चर्चेच्या पानावर लिहिलं. दुपारपर्यंत जगभरचे प्रवासी तुटून पडले. 'मी आरामासाठी पैसे भरलेत, इस्त्रीसाठी नाही.' 'उद्या बनियनवर याल.' 'टाय बांधल्यानं माणसाला अक्कल येते का?'

माझं काम एवढंच – इथे साकोलीच्या ऑफिसात बसून ते पान वाचायचं, शिवी असेल ती काढायची, बाकी राहू द्यायचं. स्वतः काही लिहायचं नाही. बी.ए.ला इंग्रजी घेतलं त्याचा हा उपयोग. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. ऑफिसात आम्ही सगळे मिळून आठ, त्यात एकटे चंदन सर गोव्याला जाऊन आलेत.

'अक्कल' ही शिवी धरायची का, यावर बराच वेळ गेला. शेवटी ठेवली.

खोलीवर येऊन खिचडी केली. एका माणसाची खिचडी नेहमी जास्तच होते.

१४ नोव्हेंबर

बाबांचा फोन. ते 'कशी आहेस' असं कधीच विचारत नाहीत. 'जेवली का?' मग थोडं थांबून, 'काय जेवली?' बस्स.

राइस मिलमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलंय – माही पोरगी जहाजाच्या कंपनीत हाये. मी म्हटलं, बाबा, जहाजबिहाज काही नाही, मी फक्त लोकांची भांडणं वाचत बसते.

'त मंग? आपला सरपंच बी तेच करते.'

किती दिवसांनी मी हसले.

१६ नोव्हेंबर

मार्जोरी नावाच्या एक बाई पानावर लिहितात. नवरा गेल्यापासून एकट्याच जहाजानं फिरतात. त्यांनी लिहिलं, 'तुम्हाला जेवणासाठी कपडे बदलणं म्हणजे शिक्षा वाटते. दिवसभरात दुसऱ्या कोणासाठी म्हणून मी तेवढी एकच गोष्ट करते.'

खाली कोणीतरी हसण्याचे चेहरे टाकले. हसणं नियमात बसतं, काढता आलं नाही.

मला मार्जोरीबाईंचं पटत नाही. तरी त्यांचं आज काही आलंय का, हे मी सकाळी सगळ्यात आधी बघते. त्यांना मी कोण ते ठाऊकसुद्धा नाही.

१९ नोव्हेंबर

दुपारच्या डब्याला ऑफिसातही तोच वाद. मंजुषा – तुमसरची, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसते – म्हणाली, "आमचे पप्पा तर टॉवेलवर जेवतात. जहाजावर नेले तर कॅप्टनच उडी मारंल." सगळे हसले. मग मला, "तुह्या घरी?"

मी म्हटलं, आमच्याकडे जेवताना सदरा घालतात. रोज.

"रोज? कोणी पाव्हणे नसले तरी?"

"हो."

"बापरे. राजघराणं."

पुन्हा सगळे हसले. सांगायला हवं होतं, पण डबा खाता खाता सांगण्यासारखं नव्हतं ते. मंगरू आजोबांना मालगुजाराकडच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराकडच्या, लग्नात पंगत उठल्यावर गोठ्यापाशी बसवायचे. उघड्या अंगानं. अंगात सदरा दिसला तर म्हणत, हा कोण साहेब आला? छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आजोबा आले आणि घरात पहिला नियम केला – ताटावर उघड्यानं बसायचं नाही. घरात एकच सदरा होता. आधी आजोबा जेवत, मग तोच घालून त्यांचा भाऊ जेवायचा.

बाबा मिलमधून येतात तेव्हा पापण्यांपर्यंत कोंडा असतो. अंघोळ, मग पांढरा सदरा, वरचं बटनसुद्धा लावलेलं, मग ताट. मी लहान असल्यापासून हेच बघतेय.

पण तो नियम वेगळा. तो आम्ही आमच्यासाठी केलेला. कोणाला दाराबाहेर ठेवण्यासाठी नाही. जहाजावरचा नियम दारावरचा आहे. हा फरक मला स्वच्छ दिसतो, आणि दिसूनही कोणाला सांगता येत नाही.

कॉलेजच्या वक्तृत्वावरून ऑफिसात माझं नाव पडलंय – भाषणवाली.

२४ नोव्हेंबर, शनिवार

ऑफिसला वर्ष झालं म्हणून पुढच्या महिन्यात, बावीसला, हायवेवरच्या हॉटेलात जेवण. घरच्यांनाही बोलावलंय. चंदन सरांनी नाव ठेवलं – 'कॅप्टन्स नाइट'. पुरुषांना कोट सक्तीचा. बायकांनी भारी साडी नाहीतर गाउन. "थीम आहे यार, फोटो क्लायंटले पाठवाचे आहेत."

बाबा आयुष्यात कधी हॉटेलात बसून जेवले नाहीत. त्यांना माझ्याशेजारी बसवून जेवू घालायचंय. पहिल्या पगारापासून मनात आहे. आणि कोट.

२५ नोव्हेंबर, रविवार. गाव

सकाळच्या बसनं लाखांदूर, तिथून पायी घरी. आई – तुळसा तिचं नाव, पण बाबा तिला 'सुगतची माय' म्हणतात – पोहे करून वाट बघत होती. सुगतला, माझ्या भावाला, माझ्यापेक्षा मोबाइल जवळचा.

जेवताना सांगितलं. हॉटेल, बावीस तारीख, सगळे येणार. बाबा ऐकत राहिले. मग कोटाचं सांगितलं. घास तसाच हातात.

"कोट म्हणजे कसा? नवरदेवाचा का साहेबाचा?"

आई म्हणाली, "आता या वयात नवरदेव व्हाचं हाये का?"

"तसं नोहे. बंद गळ्याचा चालते का?"

"माहीत नाही, बाबा."

"रंग कोणता? काळाच लागंल का?"

इतके प्रश्न बाबांनी मला कधीच विचारले नव्हते. माझ्या निकालाच्या दिवशीही नाही. बिचारे काळजीत पडले होते. मी म्हटलं, "तुम्ही नका फिकर करू. मी पाहते काय करायचं ते."

"तू काय पाहतं?"

"मी बोलते ऑफिसात."

बाबांनी भाताचा पुढचा घास घेतला.

२६ नोव्हेंबर

चंदन सरांशी बोलले. "सर, कोटाची सक्ती नको."

"अरे दीपमाला, एक दिन की तो बात है. किरायानं भेटते भंडाऱ्यात."

"माझे वडील दुसऱ्याचा कोट घालणार नाहीत."

"तो मत पहनो, कोपऱ्यात बसतीन."

हे ते चिडून बोलले नाहीत. मदत करतोय अशा आवाजात बोलले. तेच जास्त लागलं.

१ डिसेंबर

मार्जोरीबाईंचं चार दिवस काही नाही.

३ डिसेंबर, सोमवार

नागपूरहून मोठे साहेब आले होते. बैठक संपताना म्हणाले, कोणाला काही सांगायचंय? मी उभी राहिले. बोलले. आपण रोज वाचतो ना, सर, कपड्यावरून लोक एकमेकांना कसं टाकून बोलतात. मग आपण आपल्याच माणसांना तेच करायचं का? ज्यांच्या घरी कोट नाही ते आले नाहीत तर ते जेवण कोणाचं?

मंजुषा टेबलाखालून माझा कुर्ता ओढत होती.

साहेब हसले. "बात तो सही है. चंदन, हटाव ये कोट-बीट. जो पहनना है पहनो."

जिंकले. कॉलेजच्या वक्तृत्वाच्या ढालीनंतर पहिल्यांदा.

बाहेर चहाच्या टपरीवर सगळे टाळ्या पिटत होते. "चला, आता मी चड्डीवरच येतो," चंदन सर म्हणाले, "भाषणवालीची कृपा." मग ते सगळे मोटारसायकलवरून निघून गेले. मला कोणी 'चल' म्हटलं नाही. चालत आले. वाटेत अर्धा पाव जिलेबी घेतली, स्वतःसाठी. घरमालकीण ललिताबाईंना द्यावी म्हणून दार वाजवलं, तर त्या सत्संगाला गेलेल्या. दोन खाल्ल्या, मग गोड लागेनाशी झाली.

४ डिसेंबर

घरी फोन. बाबा मिलवर, आईनं उचलला. सांगितलं – कोट रद्द. बाबांना म्हणावं रोजचेच कपडे घालून या.

आई म्हणाली, "कोटाचं पूराच नाही राहिलं का?"

"नाही."

"कोणीच नाही घालणार?"

"कोणीच नाही. माझ्यामुळे झालं, आई. मी साहेबासमोर बोलले."

"बरं."

मला वाटलं होतं ती खुश होईल. धानाची कापणी-मळणी चालू आहे, दमली असेल.

१२ डिसेंबर

जहाज कंपनीनंही निर्णय घेतला. आता जेवणाला कोणी काहीही घालून यावं. पानावर दिवाळी. मीही मनातल्या मनात लाडू वाटले.

संध्याकाळी मार्जोरीबाई आल्या. फक्त दोन ओळी. 'नवीन नियम वाचला. आता मी जेवण माझ्या खोलीतच मागवीन. सगळे आरामात असताना एकटीच सजून बसलेली म्हातारी बरी दिसत नाही.'

खाली कोणीच काही लिहिलं नाही. हसलंही नाही कोणी.

त्यांना लिहावंसं वाटलं – तुम्हाला कोणी अडवलं आहे, घाला ना तुमचे कपडे, या. पण आम्हाला लिहिता येत नाही. आणि लिहिलं असतं तरी त्या आल्या असत्या असं वाटत नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. नियम काढला की दार उघडतं, एवढंच मी धरून चालले होते.

१८ डिसेंबर

बाबांचा फोन. जेवली का, काय जेवली. मग म्हणाले, दुपारच्या बसनं येतो बावीसले. तुही माय येत नाही, घरी धान पडलं हाये. रात्री ललिताबाईंच्या ओसरीत झोपायचं ठरलं. त्यांनी सतरंजी काढून दिली, उशीही. चांगल्या आहेत तशा.

मी हॉटेलात जाऊन टेबल बघून आले. गेटकडे तोंड येईल अशी खुर्ची आपली ठेवावी का? नको. बाबांना तिथे बसवीन, त्यांना सगळं दिसलं पाहिजे. मी त्यांच्या समोर.

२२ डिसेंबर, शनिवार

बाबा आले नाहीत.

दुपारची बस आली, त्यात नव्हते. नंतरचीही बघितली. मंजुषाचे पप्पा, चंदन सरांची बायको, सगळ्यांचे सगळे आले. हॉटेलच्या आवारातच टेबलं मांडलेली. चंदन सर खरंच चड्डीवर, वर फुलाफुलांचा शर्ट. मला बघून ओरडले, "दीपमाला मॅडम की जय." सगळे टी-शर्टवर, चपलांवर, मोठ्यानं हसत. मी मागितलं होतं ते हेच.

खुर्ची राखून ठेवली. वेटर दोनदा विचारून गेला, हटवू का? मी गेटकडे पाठ करून बसले होते. ठरवलं होतं तशीच.

नऊच्या सुमारास बाबांचा फोन. आवाज बसच्या घरघरीत बुडालेला. "बस हुकली, बेटा. मिलमध्ये ट्रक आला, टाइमावर निघणं नाही झालं."

मी चिडले. एक दिवस, बाबा. एकच दिवस मागितला होता.

"हो ना." मग, "जेवली का?"

"हो."

"काय जेवली?"

राग होता तरी सगळं सांगितलं. पनीर, दोन भाज्या, रोटी, जिरा राइस, गाजराचा हलवा. ते प्रत्येक पदार्थाला 'हं' म्हणत गेले, जसं काही समोर वाढतंय कोणी.

२३ डिसेंबर, रविवार

दिवसभर कोणाशी बोलणं नाही. ओसरीतली सतरंजी तशीच घडी घालून ललिताबाईंना परत केली. बस हुकली म्हणाले, पण मग बसची घरघर कुठली? मिलचं यंत्र असेल. विचारलं नाही.

२४ डिसेंबर

डबा खाताना मंजुषा सांगत होती. ती परवा जेवणाला उशिरा पोचली होती. "गेटवर एक काका उभे होते. काळा कोट, नवाकोरा, बाह्यांवरचा दोरा बी काढला नव्हता. आत पाहून राहिले होते. मी म्हटलं, काका, चला ना आत. त म्हणे, नाही बाई, आत सारे साधेच बसले हायेत. मी असा गेलो त माह्या पोरीकडं पाहतीन सारे. मी म्हटलं, कोट काढून हातात घ्या. त हसले. म्हणे, जेवाले आलो त जेवाच्याच कपड्यात आलो ना. अन् गेले स्टँडकडं."

मग तिनं विचारलं, "कोणाचे होते ग? किती छान दिसत होते."

मी म्हटलं, माझे.