पेंडीचा भुगा

केशरआत्या,

पाया पडते. तू देवळालीहून माहेरी येणं सोडलंस, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. दोष माझा आहे. हे पत्र टपालात टाकीन असं वाटत नाही, तरी लिहिते.

मलाही तुझ्यासारखंच होतं. घरातले डेअरीला दूध घालायला गेले की मी डबे काढते आणि पोट दुखेपर्यंत खाते. भूक नसते, पण हात थांबत नाही. संगमनेरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे थोडं रक्तातून येतं, थोडं स्वभावातून. सगळं मनात कोंडणाऱ्यांना जास्त. माहेरी कुणाला होतं का?"

मी म्हणाले, "न्हाई ओ, कुनालाच न्हाई."

आजीनं तुझ्यामुळं फराळाच्या कपाटाला कुलूप घातलं, तेव्हा तू गोठ्यात म्हशीपुढची शेंगदाण्याची पेंड खाताना मला दिसलीस. "कुनाला सांगू नको गं, पंके," म्हणालीस. आणि मी दिवाळीच्या पंगतीत, मामा, म्हणजे तुझे मालक, तुला न्यायला आलेले असताना, मोठ्यानं सांगितलं. सगळे हसले. मामाही हसले. तू ताटातच हात धुतलास.

गेल्या महिन्यात स्वतःला आवरायला मीच कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली सासूबाईंना दिली. घरात माझी नऊ वर्षांची लेक ज्ञानेश्वरी आहे, तिचं रक्तही तेच आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

काल ती गोठ्यातून आली. ओठांवर पेंडीचा भुगा होता. मी पदरानं तिचं तोंड पुसलं आणि म्हणाले, "कुनाला सांगू नको."

तुझी भाची,
पंकजा