एक पुस्तक, एक माणूस

६ जानेवारी

आले बाई एकदाची! सामान लागलं, गॅस सुरू झाला आणि नव्या दुकानातला पहिला दिवसही निभावला. दुकान औषधांचं, मी फार्मासिस्ट. आल्या आल्या मुदत संपलेल्या बाटल्यांचा खोकंभर ढीग काढून मालकांपुढे ठेवला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोनच खोल्या, पण उजेड भरपूर. दादाने पुस्तकांची खोकी एकट्याने वर चढवली आणि प्रत्येक पायरीवर मला शिव्या घातल्या. लहानपणापासून असाच आहे तो, माझं ओझं वाहणार आणि वर कटकट करणार. जाताना मात्र डोळे पुसत होता, मी बघितलं नाही असं दाखवलं.

लेकीने वसतिगृहातून फोन करून बजावलं, की आई, घुम्यासारखी घरात बसू नकोस, माणसांत जा. माझं सगळं जग म्हणजे ही एक पोरगी, आणि बोलते माझ्या सासूसारखी.

१२ जानेवारी

घेतली लेकीची आज्ञा मनावर. रस्त्यापलीकडे वाचनालय आहे, तिथे नाव घातलं. त्यांचं वर्षभराचं वाचन-आव्हान आहे, विषय 'आपली माणसं'. दर महिन्याला एक नातं, त्या नात्यावरचं एक पुस्तक. इथली पद्धत मात्र न्यारी. पुस्तक वाचून झालं की आपण त्याच नात्यातलं आपलं स्वतःचं माणूस ग्रंथपालबाईंना सांगायचं आणि त्या ते टाइप करून घेतात. त्याचंच पुढे पुस्तक बांधतात. म्हणजे कपाटातली सगळी पुस्तकं गावकऱ्यांनीच सांगितलेली! कुणावर लेखकाचं नाव नाही. कल्पना इतकी आवडली, की मी लगेच हो म्हटलं.

ग्रंथपालबाई गोड आहेत, लोकरीचा स्वेटर, मऊ आवाज. माझ्या खालच्या मजल्यावर शिलाईचं काम करणाऱ्या बाईही आव्हानात आहेत. त्यांनी सांगितलं, की सांगून झाल्यावर फार हलकं वाटतं.

३१ जानेवारी

खरंच हलकं वाटलं! विषय होता मैत्रीण. मी तासभर बोलले. कॉलेजातल्या कुणाबद्दल तरी बोलले बहुतेक. ग्रंथपालबाई एकही प्रश्न विचारत नाहीत, नुसतं टाइप करतात. घरी येऊन अशी झोपले, की सकाळी दुकानाला उशीर.

२८ मार्च

या महिन्यात भाऊ. दादाचं काय काय सांगितलं! मला सायकल शिकवताना स्वतःच गटारात पडला ते, माझ्या घटस्फोटाच्या वेळी कोर्टाबाहेर दिवसभर उन्हात उभा राहिला ते. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि 'अजून?' एवढंच विचारलं. सांगितलं अजून. सगळं सांगितलं.

९ एप्रिल

एका माणसाचा सारखा फोन येतोय. मला चिमणे म्हणतो! मी विचारलं, कोण आपण, तर हसायलाच लागला. मग माझ्या घटस्फोटाबद्दल बोलला. हल्ली हे चोर माहिती कुठून कुठून काढतात! दुकानात मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले सरळ त्याचा नंबर बंद करून टाका. टाकला. एकट्या बाईने सावध असलेलं बरं.

१७ मे

बहीण या विषयावरचं पुस्तक वाचतेय. त्यातल्या बहिणीचा एक पाय आखूड, म्हणून एका बुटाला जाड तळ. दोघी बहिणी एकाच शिवणयंत्रावर आळीपाळीने बसायच्या. इतकं जिवंत लिहिलंय, की पुस्तक खाली ठेववेना.

आज ब्लाउज टाकायला खाली गेले. यंत्रावर एक फोटो लावलाय, शिलाईवाल्या बाई आणि शेजारी दुसरी एक. तिच्या एका बुटाला जाड तळ. मी सहज विचारलं, या तुमच्या बहीण ना? त्या म्हणाल्या, कोण जाणे, चौकटीबरोबरच आला असेल फोटो, मला बहीण नाही.

चौकटीबरोबर आलेल्या फोटोत त्या स्वतः कशा असतील? हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. मी हो हो केलं आणि वर आले.

१९ मे

मन स्वस्थ बसत नाही. या गावात कुणाकडे पाहुणा आलेला मी अजून पाहिलेला नाही. दुकानात लोक नेहमी एकाच माणसापुरती औषधं नेतात. आणि सगळे कसे खुशीत! काहीतरी पाणी मुरतंय.

२२ मे

लेकीचा फोन. ती चिडलीच होती. मामाचा फोन का घेत नाहीस म्हणाली. कोण मामा, मी विचारलं. आधी हसली. मग तिचा आवाज बारीक झाला आणि म्हणाली, आई, दादामामा.

बंद केलेला नंबर काढून बघितला. माझ्याच फोनमध्ये 'दादा' म्हणून जपून ठेवलेला, आणि एप्रिलमध्ये ते मला दिसलंच नव्हतं.

चेहरा आठवत नाही. आवाजही ओळखीचा वाटत नाही. मला भाऊ आहे, आणि मला तो माहीत नाही.

२३ मे

वाचनालयात जाऊन भांडले. ग्रंथपालबाई रागावल्या नाहीत. सांगितलेलं माणूस नीट जपलं जातं, तुमच्यापाशी ठेवून तरी काय, म्हातारं होऊन मेलंच असतं, असं त्यांचं म्हणणं. मी माझं, भावाचं पुस्तक हिसकावून घेतलं आणि तिथेच उभी राहून वाचलं. सायकल, गटार, कोर्टाबाहेरचं ऊन. मी रडले. पण त्या पुस्तकातल्या बाईसाठी रडले, कुणा परक्यासाठी रडावं तशी.

भिंतीवर पुढचे विषय लावलेत. नोव्हेंबर, लेक.

मेले तरी आता जायची नाही मी तिथे.

४ ऑगस्ट

गेले नाही. पण दर महिन्याला दाराशी पुस्तक ठेवलेलं असतं. दुकानात येणारे विचारतात, काय हो, आव्हान अर्धवट सोडलंत? हसून विचारतात. सगळे तेच विचारतात.

या डायरीची मागची पानं उलटून बघायची हिंमत होत नाही. अजून कुणाकुणाला मी —

१५ नोव्हेंबर

लेकीचं नाव रोज सकाळी मोठ्याने घेते. तिच्या हनुवटीवरचा व्रण, लसूण सोलताना गाणं म्हणायची सवय, सगळं मनात घोकते. तोंडातून मात्र कुणापुढे काढत नाही. शिलाईवाल्या बाईंनी आज सहज विचारलं, मूलबाळ? मी दार लावून घेतलं.

मालकांना सांगितलंय, डिसेंबरअखेर नोकरी सोडतेय.

१८ डिसेंबर

आली माझी पोर! सामान आवरायला सुट्टी घेऊन आली. दारातच किती वेळ धरून ठेवली तिला. ओळखते मी तिला. सगळी आठवते. वाचलो आम्ही.

तिला सगळं सांगितलं. तिला ते पटलं नाही. आई, तू एकटी राहून दमली आहेस, डॉक्टरांना दाखवू, म्हणाली. हळू आवाजात, मी आजारी असल्यासारखं. मला रागही आला आणि मायाही.

२० डिसेंबर

वाचनालयात पाऊल टाकायचं नाही, अशी तिला शपथ घातली. तिने नाक मुरडलं. मीच जाऊन सांगते काहीतरी, मग बघशील मला काही होत नाही ते, म्हणजे तुझ्या मनातलं भूत जाईल, असं म्हणत होती. मी ओरडले. कधी नव्हे ती ओरडले तिच्यावर.

डिसेंबरचा विषय मी बघितलेलाच नाही. मला माझ्याच नोव्हेंबरची धास्ती —

२१ डिसेंबर

अंघोळ करून आले तर ती घरात नाही.

धावत वाचनालयाकडे गेले. दार आतून बंद. काचेतून दिसली. हातवारे करून सांगत होती, हसत होती. बाटली डोळ्यांपासून लांब धरून वाचायची नक्कल. केस वर बांधून पेन खोचायची नक्कल. ते मी करते. ती मला सांगत होती.

भिंतीवर डिसेंबर — आई.

काच बडवली. हाका मारल्या. तिने बघितलं नाही. बाई टाइप करत होत्या. मग त्या उठल्या आणि पडदा ओढला.

दुपार

मागच्या दाराने गेली म्हणे. रस्ता पालथा घातला. फोन लागत नाही. घरी येऊन बसलेय. येईल. तिची बॅग इथे आहे. थोडंसंच सांगितलं असेल. सगळं नसेल सांगितलं. एका तासात आईचं सगळं सांगून होतं का कुठे —

जिन्यात पावलं. तिचीच. माझी पोर, तिचीच चाल. आली —

बेल का वाजवतेय? किल्ली आहे की तिच्याजवळ —

बाहेरून विचारतेय, काकू, माझी बॅग चुकून तुमच्याकडे