नऊ परराष्ट्रीय आणि एक कोट

३ मार्च, मंगळवार
पाळकसाहेब स्वतः दुकानात आले. पँटची चेन बदलायची होती, पण ते निमित्त. २२ तारखेच्या रविवारी चर्चच्या उपासनेत मी पंधरा मिनिटं बोलायचंय. विषय: यहूदी आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले आपण सगळे, एक होतील असं संदेष्ट्यांनी कसं सांगून ठेवलंय. मीच का? तर अख्ख्या मंडळीत एका यहूदी माणसाबरोबर एकोणीस वर्षं एकाच दुकानात शिवणकाम करणारा मी एकटाच. तो शनिवारी येत नाही, मी रविवारी येत नाही, त्यामुळे दुकान कधीच बंद नसतं. एकीचं याहून चांगलं उदाहरण कुठलं?
दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत आहे. पण तिचा विषयाशी संबंध नाही.
संकल्प: रोज सकाळी अर्धा तास वाचन. रोज बंधुभावाचं एक काम.

४ मार्च, बुधवार
वाचन राहिलं. बंधुभाव झाला. इस्त्री मागताना ‘प्लीज’ म्हणालो. इस्त्री एकच आहे, ती भिंतीतल्या खिडकीतून ये-जा करते. भागीदारानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, मास्तर, तब्येत बरी आहे ना?
भिंतीबद्दल एकदाच लिहितो, पुन्हा नाही. दोन वर्षांपूर्वी त्यानं गिऱ्हाइकासमोर सांगितलं की मी शिवलेल्या कोटाची डावी बाही अर्धा इंच मोठी आहे. नव्हती. गिऱ्हाइकाचा हात आखूड होता. दुसऱ्या दिवशी मी भिंत घातली, कापायच्या लांब टेबलाच्या बरोब्बर मधून. दोघांना अर्धं अर्धं टेबल. न्याय म्हणजे न्याय.

५ मार्च, गुरुवार
सापडलं! जखऱ्या संदेष्टा. तो सांगतो, असे दिवस येतील की वेगवेगळ्या भाषांचे दहा जण एका यहूदी माणसाच्या वस्त्राचं टोक धरतील आणि म्हणतील, आम्हाला तुमच्याबरोबर न्या, देव तुमच्याबरोबर आहे असं ऐकलंय. पाळकसाहेब म्हणाले, तो एक यहूदी म्हणजे प्रभू ख्रिस्त, आणि ते दहा म्हणजे आपण.
पण नुसतं बोलून काय होणार? करून दाखवायचं. वस्त्राचं टोक हे तर माझं खातं. दहा माणसं, एक कोट, आणि कोटात माझा भागीदार. लोक वर्षानुवर्षं बोलतील.

६ मार्च, शुक्रवार
भागीदाराला विचारलं. तो म्हणाला, दहा जण कोट धरणार, तू बोलणार, मग मी काय करायचं? म्हटलं, नुसतं उभं राहायचं. म्हणाला, म्हणजे रोजचंच.
मग म्हणाला, पण मास्तर, संदेष्ट्याच्या हिशेबानं दहा जण आमच्याबरोबर यायला निघतात. तू तर मला तुमच्याकडे नेतोयस. हा मुद्दा अभ्यासासाठी बाजूला ठेवला.
तयार झाला मात्र. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा रविवारी दुकान बंद ठेवणार. कोट मी नवा शिवणार. तो म्हणाला, दोघं मिळून शिवू. मी म्हटलं, नाही, ही माझी भेट. म्हणाला, बरं, टाके पक्के घाल म्हणजे झालं.
जाता जाता म्हणाला की एकतीस तारखेला तो जावयाच्या दुकानात जाणार आहे, कायमचा. तिथलं टेबल अख्खं आहे. मी हसलो. हे तो दरवर्षी म्हणतो. म्हणजे आजवर म्हणाला नव्हता, पण म्हणणाऱ्यांतला आहे.

१० मार्च, मंगळवार
दहा परराष्ट्रीय जमवणं सोपं नाही. न्हावी, बेकरीवाला, बसचा ड्रायव्हर, शाळेचा शिपाई वगैरे धरून आठ झाले. मेहुण्यानं विचारलं, जेवण आहे का? हो म्हणावं लागलं. नऊ. मेहुण्याला दोन भाषा येतात, म्हणून तो दोनदा मोजला. दहा.

१२ मार्च, गुरुवार
कोट कापला. लांब कोट आणि अर्धं टेबल. कापड भिंतीला जाऊन टेकलं. पलीकडून आवाज आला, मास्तर, कात्री चालवू नकोस, खाली चार बोटं जास्त सोड. प्लायवूडमधून याला काय दिसतं? टेबल जिथं संपलं तिथंच कोट संपवला.

१३ मार्च, शुक्रवार
कोट चार बोटं आखूड. उपाय लगेच सुचला. खालून त्याच कापडाची पट्टी जोडायची. काठासारखी दिसेल. फॅशन म्हणून सांगता येईल.

१५ मार्च, रविवार
हिच्यासमोर भाषण म्हणून दाखवलं. प्रेषित पौल लिहितो की ख्रिस्तानं दोघांना एक केलं, मधली आडभिंत पाडून टाकली, इथं माझा आवाज सुंदर चढतो. ही भाजी निवडत होती. म्हणाली, भिंत घालणारे तुम्हीच, ती पडली म्हणून भाषण देणारे तुम्हीच. जाताना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जा, पौलाला तेवढीच मदत. मी समजावलं की ती आत्मिक भिंत आहे, पौलानं प्लायवूडचा उल्लेख केलेला नाही. ही म्हणाली, त्याचा भागीदार कुठं निघून चालला होता?
भाषण अठ्ठेचाळीस मिनिटांचं झालंय. कापाकापी केली. सत्तेचाळीस.

१८ मार्च, बुधवार
भागीदार खोकी भरतोय. बटणं वेगळी करतोय, तुझी, माझी. आवराआवर चांगली सवय आहे. त्याला दोरी कमी पडली, मी माझी दिली. आजचा बंधुभाव पूर्ण.

२० मार्च, शुक्रवार
पट्टी कच्च्या टाक्यानं लावून ठेवली. उद्या मशीन मारतो.

२१ मार्च, शनिवार
दिवसभर आरशासमोर तालीम. मशीन राहिली. लांबून काही कळत नाही. आणि संदेष्ट्यानं ‘धरतील’ म्हटलंय, ‘ओढतील’ म्हटलेलं नाही.

२२ मार्च, रविवार
सगळं छान चाललं होतं, हे आधी लिहून ठेवतो.
भागीदार पुढे उभा राहिला. रुबाबदार दिसत होता. नऊ जणांनी खाली वाकून कोटाचं टोक धरलं. मी सगळ्यांना बजावलं होतं, काही झालं तरी सोडायचं नाही. मी बोलत होतो. विसाव्या मिनिटाला ड्रायव्हर कुजबुजला, कंबर गेली. तिसाव्या मिनिटाला मेहुण्यानं मला ऐकू येईल इतक्या जोरात जेवणाची वेळ विचारली. मी आडभिंतीपाशी पोचलो, आवाज चढवला, आणि तेवढ्यात भागीदार पाय अवघडले म्हणून खुर्चीकडे एक पाऊल सरकला.
नऊ जणांनी सोडलं नाही. शिकवल्याप्रमाणे.
टर्र! अख्खी पट्टी निघाली. नऊ परराष्ट्रीय पट्टी हातात धरून धपकन जमिनीवर, आणि यहूदी मोकळा पुढे खुर्चीपाशी. मागच्या बाकावरून कोणीतरी खिंकाळलं, मग सगळी मंडळी. पाळकसाहेबांनी तोंड फिरवलं, खांदे हलत होते.
भागीदारानं मेहुण्याच्या हातातली पट्टी घेतली, दोरा बघितला आणि मंडळीला म्हणाला, संदेष्टा बरोबर आहे हो. शिलाई चुकली.
यावर टाळ्या पडल्या. मला वाटतं, त्या भाषणाला होत्या.

२३ मार्च, सोमवार
भागीदार कोट घेऊन माझ्या बाजूला आला. म्हणाला, हा असा ठेववत नाही, लोकांना वाटेल आपल्या दुकानात शिवलाय. अख्खा पसरायला हवा. मी म्हटलं, जागा कुठाय? तो भिंतीकडे बघत राहिला. मी स्क्रू-ड्रायव्हर शोधायचं निमित्त काढलं. त्यानं खिशातून काढून दिला. कधीपासून खिशात होता, विचारलं नाही. बारा स्क्रू. पाच मी काढले, सात त्यानं.
भविष्य पूर्ण झालं असं पाळकसाहेबांना कळवायला हवं.
खोकी मात्र दाराशी तशीच आहेत.

३१ मार्च, मंगळवार
सकाळी भागीदारानं कोट अख्ख्या टेबलावर पसरला. पट्टी पक्की बसवली होती, जोड शोधून सापडेना. मी विचारलं, माझं भाषण ऐकून तरी राहशील की नाही? म्हणाला, मास्तर, नऊ माणसं गुडघ्यापाशी धापा टाकत असताना भाषण कुणाला ऐकू येतं?
मग त्यानं दोन्ही बाह्या शेजारी शेजारी ठेवल्या. टेप माझ्या हातात दिला आणि दाराशी खोक्यांपाशी जाऊन उभा राहिला. बाहेर जावयाची गाडी आली होती.
मोजलं. टेप जुना आहे, उजेड कमी आहे, कापड ताणलं गेलं असेल, हे सगळं सुचलं. पुन्हा मोजलं.
म्हणालो, डावी अर्धा इंच मोठी आहे.
तो म्हणाला, आणि तेव्हाची?
म्हणालो, तेव्हाचीही.
त्यानं गाडीवाल्याला हात हलवून जा म्हणून सांगितलं. पहिल्या खोक्याची दोरी सोडून माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, ही तुझीच ना? घे.
मी बाही उसवायला घेतली.